जुन्या वाटेवर डांबर नको, बेडं हवं : कोकणातल्या तीन जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग.

विषय : नव्या रस्त्यांमुळे बाजूला पडलेल्या गाडीवाटा, पाणंदी व खारबांध मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी राखून ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

तुमच्या टेबलावर रस्त्यांचे जे अर्ज येतात ते बहुतेक ‘रस्ता करून द्या’ असे असतात. हा अर्ज उलटा आहे. काही वाटा आहेत तशा राहू द्या, त्यांच्यावर खडी-डांबर टाकू नका आणि त्यांच्या दोन्ही तोंडांना बेडं, म्हणजे सरकवता येणाऱ्या आडव्या काठ्या, लावून चारचाकी शिरणार नाही एवढी तजवीज करा, इतकंच मागणं आहे. याला पैसा फारसा लागत नाही. कदाचित म्हणूनच हे काम कुठल्या आराखड्यात आलं नसावं.

कुठल्या वाटा, ते आधी सांगतो, कारण गैरसमज तिथेच होतो. ज्या वाडीला अजून रुग्णवाहिका पोचत नाही, जिथून आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावं लागतं, तिथे पक्का रस्ता उद्याच्या उद्या व्हावा. त्याला आडवा येणाऱ्या सायकलवाल्याला गावाने खुशाल हाकलून द्यावं, मी मध्ये पडणार नाही. माझा विषय वेगळा आहे. जिथे नवा रस्ता झाला, तिथली जुनी वाट कुठे गेली?

नवा रस्ता गाडीच्या सोयीने जातो : सड्यावरून (माथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून), लांबून, चढ सांभाळत. जुनी वाट माणसाच्या आणि बैलाच्या सोयीने गेलेली असते. ती व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने उतरते, साकवावरून पलीकडे जाते, दोन गडग्यांच्या (रचलेल्या दगडी कुंपणांच्या) मधून निघते, देवरहाटीला (देवासाठी राखलेल्या रानाला) वळसा घालते आणि थेट खाडीच्या धक्क्यावर संपते. तिच्यावर सावली असते, कारण ती पायांनी पाडलेली आहे आणि पायांना ऊन लागतं. राष्ट्रीय महामार्ग ६६ चौपदरी होताना (काम २०११ पासून चालू आहे, पुढचं तुम्हाला माहीत आहे) कितीतरी जुनी वळणं आणि जुने पूल बाजूला पडले. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे खाडीपूल होतील तसतशी आणखी पडतील. या टाकून दिलेल्या तुकड्यांचं काय करायचं, हे ठरवणं कुणाच्याच कामात बसत नाही. मग रान वाढून वाट बुजते, नाहीतर शेजारचा हळूहळू कुंपण पुढे सरकवतो. त्यातूनही वाचली तर एक दिवस जेसीबी येतो आणि तिचाही डांबरी रस्ता होतो, ज्यावरून दिवसा चार गाड्या जातात आणि रात्री चिऱ्याचे ट्रक.

मी सायकल चालवतो. शर्यतीची नव्हे, डोंगरात उड्या मारायचीही नव्हे, ग्रॅव्हलची, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्याची. टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद, त्यात हवा जरा कमी ठेवायची, हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं आणि चढासाठी हलके गिअर. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपलं तरी थांबत नाही. अमेरिकेच्या मधल्या राज्यांत शेतांमधून खडीचे रस्ते मैलोन् मैल जातात, तिथे हा प्रकार वाढला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावची लांब पल्ल्याची शर्यत २००६ पासूनची, आणि २०२२ मध्ये इटलीच्या वेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. शर्यतींचं मला फारसं कौतुक नाही. सांगायचं ते इतकंच की, ज्या रस्त्याला आपण ‘अजून झालेला नाही’ म्हणतो, नेमका तसा रस्ता मिळावा म्हणून जगात लोक पदरचे पैसे मोजून प्रवास करतात.

आणि मोटारी नसलेला रस्ता का, तर त्याचं उत्तर कुठल्याही शनिवारी सकाळी किनाऱ्याच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर मिळेल. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, मध्ये जेमतेम दीड गाडीचा रस्ता, साइडपट्टी नावालाही नाही. वळणापलीकडचं दिसत नाही. समोरून पर्यटकांची भली मोठी गाडी, मागून खडीचा डंपर. सायकलवाल्याने अशा वेळी गटारात उतरायचं असतं, हे इथे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. मोठी माणसं उतरतातही. शाळेत निघालेल्या आठवीतल्या मुलीला सायकल घेऊन त्या रस्त्यावर पाठवायला मात्र आईचा जीव होत नाही, आणि मग घरातल्या कुणीतरी तिला दुचाकीवरून सोडायचं. कोकणात सायकली कमी दिसतात त्याला घाट आणि चढ कारण आहेतच, पण ही भीतीही आहे. ग्रॅव्हलची चैन करणारे आम्ही थोडे. या वाटा मोकळ्या झाल्या तर त्यांचा खरा फायदा त्या मुलीला, गुरं घेऊन सड्यावर जाणाऱ्याला आणि डोक्यावर पाटी घेऊन पलीकडच्या वाडीत मासे विकायला जाणाऱ्या बाईला. आम्ही मागून येऊ, घंटी वाजवत.

आता वाटांविषयी. सर्वांत आधी खारबांध, कारण त्यांच्याकडे ‘वाट’ म्हणून कुणीच बघत नाही.

पेणपासून अलिबागच्या खारेपाटापर्यंत आणि पुढे दक्षिणेकडच्या खाड्यांवरही भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले आहेत. त्यांना जागोजाग उघाड्या आहेत. भरती आली की पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, वीज नाही, चंद्र सांगेल तसं काम चालतं. या बांधांच्या आतल्या जमिनीसाठी इथल्या माणसांनी किती सोसलं ते रायगडला सांगायला नको. चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ ते १९३९ जमिनी पडीक ठेवल्या, तो संप याच खारेपाटातला. पुढे शासनाने १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम केला आणि बांध सरकारी देखरेखीखाली आले. देखरेख कशी आहे हे गावात कुणालाही विचारा.

बांध एकदम फुटत नाही. आधी खेकड्यांची बिळं पडतात, मग एका जागी माती ओली राहू लागते, मग उधाणाच्या रात्री खांड जाते आणि सकाळी शेतात खारं पाणी उभं असतं. ती जमीन परत गोडी व्हायला पुढे कित्येक पावसाळे जातात. ओली माती पहिल्या दिवशी दिसली तर चार घमेली चिखलात काम भागतं. पण ती दिसायला बांधावरून रोज कुणीतरी गेलं पाहिजे, आणि शेती कमी झाल्यापासून बांधावरून कुणी जातच नाही.

बांधाच्या माथ्यावरून सायकल जाते. एका बाजूला कांदळवन आणि चिखलात चालणारे पक्षी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, समोर सपाट, एक चढ नाही. कोकणात सपाट रस्ता ही किती दुर्मीळ गोष्ट आहे हे सायकल चालवणाऱ्यालाच कळेल. माणसासकट सायकलचं वजन शंभर किलोच्या आसपास. बांधाला ते जाणवतही नाही. भरलेला ट्रॅक्टर किंवा जीप त्याच बांधावर घातली तर माथा खचतो आणि दोन्ही उतार सुटतात. तेव्हा बांधावर मोटार बंद आणि पाय-सायकल चालू, यात बांधाचंच हित आहे. खारभूमी विभागाने आणि ग्रामपंचायतीने मिळून बांधाला अंतरा-अंतरावर क्रमांकाचे दगड रोवले आणि एक फोन नंबर लिहिला, तर ‘सतराव्या दगडाजवळ माती ओली आहे’ असं कळवणारे फुकटचे राखणदार तुम्हाला मिळतील. कांदळवनात शिरायची आम्हाला गरज नाही. एक फांदी तोडायची नाही, भराव घालायचा नाही. बांध आहे, त्याच्या माथ्यावरून जायचं.

रत्नागिरीत शिरलं की प्रश्न बदलतो. इथे सपाटी सड्यावर. किनाऱ्याने जाणारी प्रत्येक वाट सड्यावरून खाडीत उतरते, पलीकडे पुन्हा चढते, आणि वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना अशा नद्या एकीमागून एक येत राहतात. पायांचं काय होतं ते विचारू नका. पण वर पोचल्यावर जांभ्याची जी पसरट, लाल, टणक जमीन लागते तिला ग्रॅव्हलच्या सायकलवाल्याने नमस्कार करावा. जांभा म्हणजे लाखो पावसाळ्यांनी खडकातलं बरंच काही धुऊन नेल्यावर मागे राहिलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. खाणीत चिरा कापताना मऊ असतो आणि वारा लागला की घट्ट होतो. सड्यावरच्या गाडीवाटेचंही तेच झालेलं आहे : चाकांनी झिजली, उघडी पडली, कठीण झाली. तिला फक्त पाणी वाहून जायला तिरकस चर हवेत आणि उतारावर मोरी हवी. डांबराचा थर पहिल्या दोन पावसाळ्यांत कडेने सुटतो हे बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यालाही मान्य असतं, फक्त ते चहा पिताना मान्य असतं.

राजापूर तालुक्याचंच बघा. आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, पुढे नाटे, यशवंतगड, आंबोळगड आणि जैतापूरची खाडी. या पट्ट्यात सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, त्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ आहेत, रत्नागिरी तालुक्यातलं उक्षी आणि जांभरूण आहे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही. आता ही शिल्पं जमिनीतच कोरलेली. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा रुंद केल्या की गाडी थेट कडेपर्यंत येणार, आणि एखादी शिल्पावरूनही जाणार. गाडी अर्धा-एक किलोमीटर अलीकडे थांबवा. तिथून लोक चालत जातील किंवा सायकलने जातील. सायकलवाल्यांनाही शिल्पापासून दूर सायकल उभी करायला लावा. दगडावर चाक कुणाचंच नको, आमचंही नको.

सावली हवी असेल तर रान. सगळंच रान आम्हाला खुलं करा असं मी म्हणणार नाही. रायगडातलं फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे, त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. तिथे शेकरू आहे, आणि वनविभागाने ज्या रस्त्याने ज्या वेळेत जायला परवानगी दिली आहे तेवढंच जावं. नवी वाट कुठेही पाडू नये. देवरहाटीतून सायकल नेऊच नये. तिथे पायातली वहाण काढून जातात, चाकाचा प्रश्नच येत नाही. पण वनविभागाचे जुने गाडीरस्ते, ज्यांवरून पूर्वी लाकूड आणि कोळसा जायचा, ते फाटकाला कुलूप लावून ठेवलेले असतात आणि फाटकाच्या बाजूने दुचाकीवाले बिनदिक्कत जातात. अशा एखाद्या रस्त्यावर दिवसा, पास देऊन सायकलींना सोडलं तर निदान तिथे कोण जातं-येतं याची नोंद राहील. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला तर कळवणारंही कुणीतरी असेल.

सुरूच्या बनांविषयी थोडक्यात. गुहागर, भाट्ये, नागाव, शिरोडा, कुठेही पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, मागे सुरूची रांग आहे, आणि तिच्याखालच्या गळलेल्या काड्यांच्या थरावरून सायकल आवाज न करता जाते. तिथे रस्ता करायची गरज नाही. गाड्या उभ्या करायचं बंद केलं की पुरे. पुळणीवर सायकलचा मार्ग नको, अगदी कुणी मागितला तरी देऊ नका. खाऱ्या वाळूने साखळीचं वाटोळं होतं हे आमचं दुःख, पण खरं कारण कासवं. वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली जातात आणि आता किनाऱ्यावर ठिकठिकाणी हे काम चालतं. त्याच पुळणींवर सुट्टीच्या दिवशी मोटारी पाण्याकडेने फिरवल्या जातात, रुतल्या की दोर लावून ओढल्या जातात, आणि त्याचे व्हिडिओ निघतात. पुळणीवर मोटार नको, हे एकच वाक्य तिन्ही जिल्ह्यांत खरोखर पाळलं गेलं तरी या पत्राचं अर्धं काम झालं असं मी समजेन.

सिंधुदुर्गात तोंडवळी-तळाशीलची जी लांबट पट्टी आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी, तिथेही तेच. समुद्र कडा खातोच आहे. त्यावर आणखी रुंद रस्ता आणि आणखी गाड्या कशाला? पर्यटकांच्या गाड्या तोंडवळीत थांबू देत, पुढे स्थानिकांच्या गाड्या, पाय आणि सायकल. गावातल्या पोरांना भाड्याच्या सायकलींचा धंदा होईल तो वेगळा.

खाड्यांचं मघाशी अर्धवट राहिलं. आज दाभोळ ते धोपावे, वेसवी ते बागमांडला, तवसाळ ते जयगड, आगरदांडा ते दिघी फेरीबोट आहे. दाभोळची २००३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून किनाऱ्याने सलग प्रवास करणं सोपं झालं, आणि सायकलवाल्याला तर बोटीतली ती थोडी मिनिटं म्हणजे हक्काची विश्रांती. वर वाशिष्ठीच्या चिखलकाठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. तिकडे पाय धुवायला उतरू नये, एवढं सांगून ठेवतो. पूल झाले की फेरीबोटी बंद पडतील, हे उघड आहे. पूल व्हायलाच हवेत. पण पुलावर सायकल म्हणजे पुन्हा महामार्ग, पुन्हा तोच डंपर, वर खाडीचा वारा. पूर्वीपासून चालत आलेली लहान ‘तर’, म्हणजे दहा-बारा माणसं आणि चार-पाच सायकली घेईल अशी होडी किंवा लाँच, मेरीटाइम बोर्डाने पूल झाल्यावरही मोडू देऊ नये. दोन जुने धक्के आणि त्यांना मिळणाऱ्या दोन जुन्या वाटा तिच्यामुळे जिवंत राहतील. तुम्ही तिघेही या बोर्डाशी पत्रव्यवहार करता. त्यात एक परिच्छेद वाढवा.

हे सगळं करायला कायदा नवा लागत नाही, म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

पहिली गोष्ट गाव नकाशा. तलाठ्याकडच्या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी ८.२५ फूट धरलेली आहे. सायकलला याहून जास्त कशाला हवं? म्हणजे वाट शोधायची, मोजायची, संपादन करायची, यातलं काही नाही. ती कागदावर आहे. जागेवर आहे की नाही ते पाहायचं. शेतकऱ्याची वाट अडवली तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ तहसीलदारांच्या रोजच्या वापरातलं आहे. मी त्यांच्याकडे आणखी भांडणं पाठवत नाही. ज्या तुटक रेषेवर आज वाद नाही, कुंपण नाही आणि ग्रामसभेची हरकत नाही, तेवढीच घ्या. एका तालुक्यात अशा दोन-तीन वाटा निघाल्या तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ११५. एखाद्या रस्त्याचं किंवा पुलाचं स्वरूप पाहता, किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी, ठरावीक वाहनांना तिथे बंदी घालता येते असं ते सांगतं. राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी अशी बंदी घालू शकतो. तुम्हाला हे नवीन नाही. गणपतीत महामार्गावर अवजड वाहनं बंद होतात, २०२२ मध्ये परशुराम घाट रुंदीकरणासाठी रोज काही तास बंद ठेवला होता. त्याच कलमात आणखी एक सोय आहे : बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. म्हणजे चुकलं तरी महिन्याने सगळं पूर्ववत. इतका स्वस्त प्रयोग शासनात दुसरा कुठला असेल असं वाटत नाही.

आणि मोटारीशिवाय माणूस राहू शकतो का, असं कुणी विचारलं तर रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी माथेरानकडे बोट दाखवावं. तिथल्या ई-रिक्षांचा वाद मला माहीत आहे, त्यात शिरत नाही. बाहेरचंच उदाहरण हवं असेल तर इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात चालण्या-सायकलीसाठी तयार केला गेला, आणि स्पेनने १९९३ पासून अशाच जुन्या रेल्वेमार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ केल्या. आपली कोकण रेल्वे सुदैवाने धावते आहे. आपल्याकडे बंद पडलेल्या आहेत त्या बैलगाडीच्या वाटा.

जुन्या पुलांबद्दल मात्र घाई नको. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, त्यानंतर जुन्या पुलाचं नाव निघालं की पोटात गोळा येतो. बाजूला पडलेला पूल सायकलसाठी वापरायचा तर आधी त्याची रीतसर तपासणी व्हावी, आणि नसेल भरवशाचा तर पाडावा. सायकल हलकी असते म्हणून पूल धोक्याचा राहू द्यावा असं होत नाही.

आता बागायतदार. त्यांची बाजू मला पटते. हापूसच्या दिवसांत आणि काजूच्या हंगामात बागेतून अनोळखी माणसं जावीत असं कुणालाच वाटणार नाही. काजूच्या बिया खिशात सहज मावतात. म्हणून बागेमधून जाणाऱ्या वाटा मार्च ते मे बंद ठेवायला आमची हरकत नाही. तसंही त्या दिवसांत सड्यावर सायकल चालवणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर पुण्याचा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर सगळंच बंद असावं : ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलाही टायर टिकत नाही, दरडींचं भय वेगळं. राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाच महिने खूप झाले. याच महिन्यांत मुंबई-पुण्याकडचे सायकलवाले किनाऱ्याने गोव्याकडे निघतात. मोटारीने येणारा पर्यटक सकाळी गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन संध्याकाळी मालवणात जेवतो. सायकलवाल्याला तेवढ्या अंतराला तीन मुक्काम लागतात, आणि प्रत्येक मुक्कामी तो दोन माणसांचं जेवण जेवतो. घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईला यांतलं कोण परवडतं, ते तिलाच विचारा.

दुचाकी कशी अडवणार, हा प्रश्न मात्र अवघड आहे. जिथून सायकल जाते तिथून मोटरसायकल जाते. शहरात यावर लोखंडी खांब रोवतात आणि महिन्याभरात त्यातला एक वाकतो. आपल्याकडे याचं जुनं उत्तर आहे : बेडं. गडग्याच्या तोंडाशी आडव्या काठ्या, बाजूला सरकवायच्या, आत जायचं, परत लावायच्या. गुरं शेतात जात नाहीत, जीप जात नाही, डंपरचा तर विषयच नाही. एखादा दुचाकीवाला उतरून, काठ्या सरकवून, पुन्हा लावून जाईलच. तो बहुधा स्वतःच्या शेतावर निघालेला असेल आणि त्याने जावंच. नुसता आडवाटेने पळायला येणारा एवढी मेहनत घेत नाही. बेडं उघडलं की लावायचं हा नियम कोकणात लहान पोरालाही ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्यांना आम्ही शिकवू.

काय करू नये तेही लिहून ठेवतो, कारण योजना मंजूर झाल्यावर अंदाजपत्रक फुगायला वेळ लागत नाही. पेव्हर ब्लॉक नकोत. दिव्यांचे खांब नकोत, रात्री तिथे कुणाला जायचं नाही. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये लाल बदाम, अशी पाटी तर मुळीच नको. उद्घाटनाची कोनशिला हवीच असेल तर ती चिऱ्याची करा, तिचा बसायला उपयोग होईल. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ती ट्रॅक्टर शेतापर्यंत जावा म्हणून, आणि देशावरच्या शिवारात ते योग्यच आहे. कोकणातली पाणंद मात्र दोन गडग्यांमधली असते. ती ट्रॅक्टरएवढी रुंद करायची म्हणजे पणजोबांनी रचलेला गडगा पाडायचा. जिथे शेताला तसा रस्ता हवाय तिथे जरूर करा, पण एकाच शेताला दोन बाजूंनी दोन रस्ते देण्यापूर्वी एकदा जागेवर जाऊन पाहा. दसऱ्यानंतर झाडोरा तोडणं, चर मोकळे करणं, पडलेला साकव उभा करणं, ही कामं रोजगार हमीतून होण्याजोगी आहेत आणि ती गावातल्याच माणसांच्या हाताला मिळावीत.

तेव्हा नेमकं मागणं असं. येत्या डिसेंबरमध्ये, एका महिन्यासाठी, प्रत्येक जिल्ह्यात एक वाट. रायगडने खारेपाटातला एक बांध घ्यावा, रत्नागिरीने राजापूरच्या सड्यावरची एक गाडीवाट, सिंधुदुर्गाने तोंडवळी ते तळाशील. ग्रामसभेपुढे विषय ठेवावा, तिने नाही म्हटलं तर शेजारच्या गावाला विचारावं. दोन्ही तोंडांना बेडं आणि तलाठी कार्यालयाबाहेर एक सूचना. महिन्याअखेरीला शाळेच्या मुख्याध्यापकांना, खानावळवाल्यांना, बागायतदारांना आणि गुराख्यांना बोलावून विचारावं की चालू ठेवायचं की काठ्या काढून टाकायच्या. आम्हा सायकलवाल्यांना त्या बैठकीला बोलावलं नाही तरी चालेल.

बेड्याच्या काठ्या आम्ही आणून देऊ. बांबू घरचा आहे.

आपला,
रत्नागिरी तालुक्यातला एक सायकलस्वार

प्रत माहितीसाठी : मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद (तिन्ही जिल्हे), अधीक्षक अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, खारभूमी विकास विभाग, विभागीय वन अधिकारी, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. आणि ज्यांच्या गावात अशी एखादी वाट अजून शिल्लक आहे, ते सर्व सरपंच.